तळ्याकाठची मगर आणि आम्ही

सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया हे नाव प्रथमच ऐकणाऱ्याला वाटते, की येथे एखादा डोंगर असावा. डोंगर सोडाच, साधी टेकडीही आमच्याकडे नाही. पर्वत हे मूळच्या गावाचे नाव आणि त्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरची पाटी ती पाटिया. सुरतेत अशी पाटिये पुष्कळ आहेत. गावे शहरात विरून गेली, शेते कापडाच्या गुदामांखाली झाकली गेली. पाट्यांची नावे मात्र टिकली. येथून लिंबायत, डिंडोली, उधना या बाजूला गेले, की खानदेशी मराठी कानावर पडू लागते. तापीच्या काठाने भुसावळपर्यंत गेलेल्या रेल्वेने जळगाव-धुळ्याची कितीतरी घराणी येथे आणून वसविली. आमचेही त्यांपैकीच एक. अशा या माग, साड्यांची गाठोडी आणि टेम्पो यांनी गजबजलेल्या वस्तीतून दोन निवृत्त माणसे दर हिवाळ्यात गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर कॅमेरा अडकवून पहाटेच्या गाडीने निघतात आणि विचारणाऱ्याला ‘मगरी पाहायला चाललो’ असे उत्तर देतात, तेव्हा शेजारीपाजारी हसतात, यात त्यांचा दोष नाही.

वाचकहो, छंद हा माणसाला कोठून लागेल याचा नेम नसतो. आम्हा उभयतांना तो पक्ष्यांच्या वाटेने लागला. सुरतेजवळच्या गवियर तळ्यावर हिवाळी बदके पाहायला आम्ही प्रथम जाऊ लागलो. तेथे भेटलेल्या जाणकारांनी सारस पक्षी पाहण्यासाठी चरोतरात जाण्याचे सुचविले. मही आणि साबरमती या नद्यांच्या दरम्यानचा, आणंद व खेडा जिल्ह्यांत मोडणारा हा सुपीक मुलूख. तंबाखू, केळी आणि भात यांनी बारमाही हिरवा. भातखाचरांच्या बांधावर सारसांची जोडी आम्हांला दिसली खरी. परंतु परतताना मालातज गावच्या तळ्याकाठी चहासाठी थांबलो, तेव्हा समोरच्या काठावर चिखलाचा एक लांबट ढीग पडलेला दिसला आणि पाहता पाहता त्या ढिगाने डोळा उघडला. त्या दिवसापासून बदके मागे पडली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांनी फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत काढलेली छायाचित्रे मध्यंतरी पाठविली होती. तेथे लाकडी पुलावरून चालत चालत लोक अ‍ॅलिगेटर पाहतात. ‘तुमच्याकडेही हेच का?’ अशी त्यांची पृच्छा होती. हे नव्हे. अ‍ॅलिगेटर अमेरिकेत आणि चीनमध्येच आढळतो. आपल्या देशात तो नाही. आपल्याकडे या कुळातील तीन प्राणी आहेत: लांब, निमुळत्या तोंडाची आणि केवळ मासे खाऊन राहणारी घडियाल किंवा सुसर, सुंदरबन, ओरिसा आणि अंदमान येथील खाऱ्या पाण्यातील अजस्र मगर, आणि तळी, नद्या, कालवे यांत राहणारी, रुंद तोंडाची आपली साधी मगर. हिला इंग्रजीतही मगरच म्हणतात. शब्द आपलाच त्यांनी उचलला. तिच्या शास्त्रीय नावातील ‘पॅलुस्ट्रिस’ या पदाचा अर्थ दलदलीतील, पाणथळीतील असा आहे. नाव अगदी सार्थ आहे. चरोतरात तिचे ठिकाण म्हणजे गावाला लागून असलेले तळे, कडेला बेशरमाची झुडपे, मध्ये कमळे, एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला धुण्याचा घाट.

त्या घाटाविषयी सांगितले पाहिजे. कारण आमच्या छंदाचे खरे कारण तोच आहे. मालातज, देवा, पेटली, त्राज या गावांतील तळ्यांत मगरी आहेत आणि त्याच तळ्यांवर बायका धुणी धुतात, म्हशी डुंबतात, मुले काठाकाठाने शाळेत जातात. पंधरा-वीस पावलांवर आठ-नऊ फुटांची मगर ऊन खात पडलेली असते. कोणी तिच्याकडे पाहतही नाही. याचा अर्थ असा नव्हे, की तेथे कोणाला भय नाही. भय आहे, परंतु त्या भयाला रीत आहे. मगर कोणत्या बाजूला पहुडते हे ठाऊक असते, त्या बाजूला धुणे नेत नाहीत. अंधार पडल्यावर पाण्यात उतरत नाहीत. पिल्लांच्या दिवसांत काठापासून दूर राहतात. गुजरातेत खोडियार माता ही मगरीवर आरूढ झालेली देवी. तिचे वाहन म्हणून मगरीला हात लावायचा नाही, ही शिकवण आजीकडून नातवाकडे आपोआप जाते. २०१९ साली महीसागर जिल्ह्यातील पल्ला गावी खोडियार मातेच्या देवळातच एक मगर शिरली, तेव्हा लोकांनी तिला कुंकू आणि फुले वाहिली आणि वनखात्याच्या माणसांना तिला उचलून नेण्यापूर्वी बराच वेळ तिष्ठत बसावे लागले. शहरातील माणूस यावर हसेल. आम्हांला मात्र वाटते, की प्राण्याला ठेचण्याआधी हात जोडण्याची बुद्धी होणे ही काही हसण्याजोगी गोष्ट नाही.

मगरीचे छायाचित्र घेणे सोपे आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. ती पक्ष्यासारखी उडत नाही, हरणासारखी पळत नाही. तासन्‌तास एका जागी पडून राहते. अडचण याच निश्चलतेत आहे. चिखलाच्या रंगाचे अंग चिखलावर. डोळा अर्धा मिटलेला. छायाचित्रात उतरते ते वाळके लाकूड. दोन हिवाळे गेल्यावर आम्हांला उमगले, की मगरीचे चित्र म्हणजे उन्हाचे चित्र होय. पौष-माघात पाणी गारठलेले असते. तिचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही, ऊब बाहेरून घ्यावी लागते. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास ऊन काठावर आले, की ती हळूहळू वर सरकते. प्रथम नाकपुड्या, मग डोळे, मग पाठीवरच्या खवल्यांची दुहेरी रांग. पूर्ण बाहेर यायला कधी अर्धा तास लागतो. नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. ऊन तिरपे असते आणि प्रत्येक खवल्याची सावली शेजारच्या खवल्यावर पडते. अंगाला खोली येते. अकरानंतर ऊन डोक्यावर येते, पाण्यावरून तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरची भिंग लावूनही चित्र कातरे येते.

अंग तापले, की मगर जबडा उघडते आणि तसाच उघडा ठेवून पडून राहते. पाहणाऱ्याला तो क्रोध वाटतो. वास्तविक मस्तकाची उष्णता कमी करण्याचा तो एक उपाय आहे. आपण उकाड्यात सदऱ्याची गुंडी काढतो तसे. ‘नक्राश्रू’ आणि ‘मगरमिठी’ असे दोन शब्द देऊन आपल्या भाषेने या प्राण्याची बोळवण केली आहे. गजेंद्रमोक्षाच्या कथेत ती हत्तीचा पाय धरते, आद्य शंकराचार्यांच्या चरित्रात बाळ शंकराचा. एवढ्या पिढ्यांच्या पायांना धरून बसलेल्या मगरीला उघड्या जबड्याने नुसते ऊन खाताना पाहिले, की तिच्याविषयीचे आपले सारे ज्ञान एका अंगाचे होते, हे ध्यानात येते.

दुसरे अंग आम्ही पुस्तकांतून आणि जाणत्यांकडून हळूहळू शिकलो. मादी काठाच्या कोरड्या मातीत खड्डा करून त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून देते. हे साधारण फाल्गुनाच्या आगेमागे. अंडी सुमारे दोन महिने त्या मातीत पिकतात आणि पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या उबेवर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर होतात, दोन-तीन अंशांनी थंड राहिल्यास माद्या. पावसाच्या तोंडाशी पिल्ले अंड्यातूनच आवाज देतात. तो ऐकून आई माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. म्हशीचे हाड मोडणारा तो जबडा टिचभर पिल्लाला ओरखडा उठू देत नाही. मद्रासजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या मगर संवर्धन केंद्रातील एक निरीक्षण तर २०१३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: बगळ्यांच्या घरटी बांधण्याच्या दिवसांत मगरी तोंडावर काटक्या तोलून पाण्यात स्थिर पडून राहतात आणि काडी उचलायला आलेला बगळा पकडतात. या प्राण्याला आपण मठ्ठ समजतो!

आमच्या छंदाचे काही नियम आहेत. ते आम्ही कोणावर लादण्यासाठी सांगत नाही. परंतु मासिकाच्या तरुण वाचकांपैकी कोणी या वाटेला आलाच, तर उपयोगी पडावेत. पाण्याच्या कडेपासून दहा-बारा पावले दूर राहावे. मगर दिसत नसेल तेथे अधिक दूर. शक्य तो तळ्याच्या पलीकडच्या काठावरून, मधले पाणी राखूनच चित्र घ्यावे. खाली बसून किंवा पालथे पडून चित्र चांगले येते, म्हणून ती हौस फक्त उंच बांधावर करावी, सपाट काठावर नव्हे. रात्री झगझगीत दिवा तिच्या डोळ्यांवर मारू नये. वीण आणि पिल्लांच्या महिन्यांत, म्हणजे फाल्गुनापासून आषाढापर्यंत, काठ मोकळा सोडावा. आणि कोंबडीचे पाय किंवा मासे टाकून तिला जवळ बोलावू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि प्राण्याला आमिष दाखविणे किंवा हुसकावणे हेही त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडते. परंतु कायद्यापेक्षाही मोठे कारण वेगळे आहे. माणसाचे पाऊल वाजले, की खायला मिळते हे मगरीला एकदा कळले, तर उद्या त्याच घाटावर येणाऱ्या बाईचे पाऊलही तिला तसेच ऐकू येणार. चित्र आपण घेऊन जातो. परिणाम गावाकडे राहतो.

हे आम्हांला एका म्हातारीने अधिक थोडक्यात सांगितले. एका सकाळी, मगर पाठमोरी पडली होती आणि आम्ही तासभर बसून होतो. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जवळ आला. आमचा खोळंबा त्याने ओळखला. ‘काका, पथरो नाखुं? मोढुं खोलशे,’ असे त्याने अगदी मदतीच्या भावनेने विचारले. बक्षिसाची अपेक्षाही असावी. पूर्वी आलेल्या कोणी ती चटक त्याला लावली असेल. आम्ही नको म्हणतो न म्हणतो तोच घाटावरची वृद्धा हातातले धुणे तसेच ठेवून वळली. ‘रहेवा दे, भाई,’ ती मुलाला म्हणाली, ‘ए पण तडको खाय छे.’ असू दे, तीही ऊन खाते आहे. ऊन खाणे हा प्रयोग गुजरातीत आणि मराठीत सारखाच आहे. आम्हीही त्या वेळी उन्हातच बसलो होतो. मुलगा खाली बसला, आमच्या दुर्बिणीतून त्याने त्याच्याच तळ्यातली मगर प्रथमच जवळून पाहिली आणि तिला दात किती, हे मोजण्याच्या नादात दगड विसरला. त्या दिवशी मगरीने तोंड वळविले नाही. पाठमोऱ्या मगरीचे ते चित्र आमच्याजवळ आहे.

वल्लभ विद्यानगर येथील व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था २०१३ पासून चरोतरातील मगरींची हिवाळी गणना करीत आली आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक येतात, गावोगावच्या तळ्यांवर विभागून बसतात, दिवसा मोजतात आणि रात्री विजेरीच्या प्रकाशात डोळे मोजतात. मगरीच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चमकणारा पडदा असतो. प्रकाश पडला, की काळ्या पाण्यावर तांबूस निखारे पेटल्यासारखे दिसतात. दिवसा ज्या तळ्यात दोन मगरी दिसल्या, तेथे रात्री सात निखारे दिसतात. गणना बहुधा संक्रांतीच्या आगेमागेच येते. मकरसंक्रांतीतील मकर हा काही प्रत्यक्ष मगर नव्हे, देवळांच्या तोरणावर दिसणारा काल्पनिक जलचर तो. तथापि सूर्य मकरेत जातो त्याच दिवसांत मगर सूर्याकडे येते, हा योग आम्हांला तिळगुळाइतकाच गोड वाटतो.

येथवर सारे सुखाचे झाले. परंतु मगर ही काही चरोतरातच राहत नाही. वडोदऱ्याच्या मध्यातून वाहणारी विश्वामित्री पावागडाकडून येते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. काळ्या घोड्याच्या पुलावरून, सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला पाठीशी ठेवून खाली पाहिले, तर गाळात पहुडलेल्या मगरी दिसतात. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना यात नवल वाटत नाही. कमाटीबागेत फिरायला जाणाऱ्या पिढ्यांनी हे पाहिले आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढ्या मगरी असणे ही जगातही दुर्मीळ गोष्ट आहे. २०२५च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत विश्वामित्रीतील मगरींची संख्या चारशेहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. या नदीकाठी माणसे दगावलेली आहेत, हेही लपविता कामा नये. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला उन्हाच्या तिरपेपणाचे कौतुक सांगायला जाऊ नये.

२०२४चा पावसाळा आमच्यासाठी या प्रश्नाची कसोटी घेऊन आला. जुलैच्या अखेरीस आमच्याकडे खाडीपूर आला. हा शब्द सुरतेबाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवा. २००६ साली तापीने उकाई धरणातून सुटलेल्या पाण्यासह सारी सुरत बुडविली, तो नदीचा पूर. खाडीपूर वेगळा. शहराच्या या बाजूने मिठी खाडी आणि तिच्या बहिणी वाहतात. वाहतात म्हणजे एरवी काळे सांडपाणी घेऊन रांगतात. वरच्या भागात मोठा पाऊस झाला, की त्या फुगतात आणि पर्वत पाटिया, लिंबायत येथील गल्ल्यांतून शिरतात. त्या जुलैत आमच्या तळमजल्यावर पाणी आले. धान्याचे डबे, गाद्या, मुलांची जुनी पुस्तके, सारे त्या काळ्या पाण्यात भिजले. चार दिवस वास जाईना.

त्याला महिना होतो न होतो तोच ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वडोदरा बुडाले. पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून विश्वामित्रीचे पाणी पस्तीस फुटांच्या वर गेले आणि पाण्याबरोबर मगरी गल्लीबोळांत आल्या. अकोटा भागात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी त्या तीन दिवसांत दोन डझनांच्या घरात मगरी पकडल्या आणि पाणी ओसरल्यावर नदीत परत सोडल्या. आमच्या थोरल्या वहिनी वडोदऱ्यातच, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. दोन रात्री त्यांनी वरच्या मजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात काढल्या. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले, तेव्हा अंगणातील तुळशीवृंदावनाला लागून पाच फुटांची मगर बसलेली होती.

सप्टेंबरच्या सातव्या दिवशी गणपती बसले. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी रहिवाशांच्या कलेचे छोटे प्रदर्शन असते. कोणाची रांगोळी, कोणाची भरतकामाची चादर. आमची मगरींची छायाचित्रे मांडण्याचे वर्षभर आधीच ठरले होते. आता त्यावर हरकत आली. हरकत घेणारे गृहस्थ मूळचे अमळनेरकडचे, भला माणूस, पुरात आमच्या गाद्या वर चढवायला सर्वांत आधी धावून आलेले. ते म्हणाले, ‘दादा, महिन्यापूर्वी आपण गुडघाभर पाण्यात उभे होतो. तिकडे वडोदऱ्यात लोकांच्या दारात मगरी आल्या. अशा वेळी तुम्ही त्यांची शोभा भिंतीवर लावणार? त्या जनावरांना उचलून कोठे जंगलात नेऊन टाका म्हणावे सरकारला, आणि मग काढा खुशाल चित्रे.’ सभेत बहुतेकांना त्यांचे म्हणणे पटले. खरे सांगायचे तर त्यात खोटे काही नव्हते.

आम्ही त्या रात्री पुष्कळ विचार केला. मगरी उचलून नेता येतील का? नेता येतील, परंतु त्या राहतील याची हमी नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील मगरींना हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्याचा आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग ठेवल्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यातील एक मगर चारशेहून अधिक किलोमीटरचा समुद्रकिनारा वळसा घालून मूळ नदीत परत आली. जी परत येत नाही तिची रिकामी जागा दुसरी घेते, आणि नवख्या मगरीला घाट कोठे आणि गल्ली कोठे हे ठाऊक नसते. शिवाय तिला न्यायचे ते ‘जंगल’ म्हणजे शेवटी कोण्या गावचेच तळे असणार. तेथील घाटावरही कोणी धुणे धूत असेल.

दुसरा विचार अधिक अवघड होता. मगर नदीतून बाहेर का आली? नदी तिच्या पात्राबाहेर आली म्हणून. आणि नदी पात्राबाहेर का आली? पाऊस अफाट होता हे खरेच. परंतु पूर मावायच्या सखल जागा, ओढे, तळी यांवर आपण भराव घालून घरे बांधली हेही खरे. हेच आमच्या मिठी खाडीचे. फरक एवढाच, की आमच्या खाडीतून पुराबरोबर मगर आली नाही. येणार कोठून? त्या पाण्यात जगण्याजोगे काही उरलेले नाही. आमच्या घरात शिरलेल्या पाण्यात भिऊन पळावे असे जनावर नव्हते आणि तरीही ते पाणी वडोदऱ्याच्या पाण्याहून अधिक घाण होते. या विचाराने आम्हांला प्रदर्शन मांडण्याचे बळ आले असे नाही. उलट मनाची ओढाताण वाढली. कारण भिजलेल्या गादीवर निजणाऱ्या माणसाला असे तत्त्वज्ञान ऐकविणे हा एक प्रकारचा उद्दामपणाच आहे.

निर्णय वहिनींनी केला. घर वाळत घालून त्या गौरींसाठी आमच्याकडे आल्या होत्या. चित्रे एका कोपऱ्यात पाठ करून ठेवलेली त्यांनी पाहिली, एकेक उलटून निरखली आणि मग सोसायटीच्या मंडळींसमोर आम्हांला म्हणाल्या, ‘भावोजी, लावा तुम्ही. माझ्या अंगणात ती बसली होती ना, ती याहून घाबरलेली होती. वनखात्याच्या पोरांनी दोरी टाकली, तेव्हा तिने शेपूटही उचलली नाही. माझी भांडी पाण्याने नेली, तिने नाही नेली. पण चित्राखाली लिहा, की पुरात ती दिसली तर काय करायचे. कारण त्या दिवशी मला कोणालाच ते विचारता येत नव्हते.’

त्याप्रमाणे आम्ही बारा चित्रे लावली आणि प्रत्येकाखाली सुशोभित मजकुराऐवजी साध्या सूचना लिहिल्या: जवळ जाऊ नये, गर्दी करू नये, तिचा पाण्याकडचा रस्ता अडवू नये, कुत्र्यांना व मुलांना आत घ्यावे, वनखात्याला कळवावे, दगड मारू नये, कारण दगडाने ती पळत नाही, उलट वळते. आमचे अमळनेरकर स्नेही दोन्ही हात पाठीमागे बांधून सर्व चित्रे पाहत गेले. पाठमोऱ्या मगरीच्या चित्रापाशी थांबून त्यांनी विचारले, ‘हिचे तोंड कोठे आहे?’ आम्ही घाटावरच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. ‘आमच्या आजीचेही असेच होते, सापाच्या बाबतीत,’ एवढेच म्हणाले. त्यांचे मत बदलले असा आमचा दावा नाही. वडोदऱ्याच्या मगरी हलवाव्यात असे ते आजही म्हणतात आणि आम्ही नको म्हणतो. चहा मात्र एकत्र होतो.

हा प्रश्न एका शहराचा नाही, हे त्यानंतर आम्हांला अधिक जाणवू लागले. सांगलीकडे कृष्णेच्या काठावर शेतकरी आणि मगर यांची गाठ वरचेवर पडते. चिपळूणला पावसाळ्यात वाशिष्ठीच्या परिसरातील मगर रस्त्यावर येते. २०२४च्या पावसात भर रस्त्यातून चालणारी अशी एक मगर तेथील लोकांनी पाहिली. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि तेथील खाजण शेती करणाऱ्या काही गावांत पौषी अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. ‘मांगे थापणी’ म्हणतात त्या विधीला. खाऱ्या पाण्याला अडविणारे बांध शाबूत राहावेत आणि माणसांना इजा होऊ नये, ही त्यामागची प्रार्थना. शेताचा बांध, नदीचे पाणी आणि मगर ही तिन्ही एकाच हिशेबातील आहेत, हे त्या शेतकऱ्यांना कोणत्याही गणनेच्या आधी ठाऊक होते.

२०२५ साली विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. पूर कमी व्हावा, ही वहिनींची आणि आमचीही मनापासून इच्छा आहे. यंत्रे चालली ती नेमकी वीण होण्याच्या महिन्यांत. काठाच्या मातीतच मगरींची अंडी आणि बिळे असतात, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. पूर आवरायचा आणि काठही राखायचा, हे दोन्ही साधेल की नाही, हे पुढचे काही पावसाळे सांगतील. आम्ही आपल्या परीने दर पौषात पुलावर उभे राहतो, दिसतील तेवढ्या मोजतो आणि वहीत लिहितो. त्या वहीला शास्त्रीय मोल फारसे नसेल. परंतु एका नदीकडे वर्षानुवर्षे एकाच जागेवरून पाहत राहिले, की तिच्याविषयी उथळपणे बोलवत नाही, एवढा लाभ तिने आम्हांला दिला आहे.

ज्यांना यावेसे वाटेल त्यांच्यासाठी व्यवहाराचे चार शब्द. सुरतेहून पहाटेची गाडी धरावी, आणंदला उतरावे, तेथून सोजित्र्याच्या रस्त्याने जीप किंवा एस. टी.ने गावे गाठावीत. जाड तळव्याचे बूट, मातकट रंगाचे कपडे, पाणी आणि डबा बरोबर असावा. कॅमेरा नसला तरी चालेल. साधी दुर्बीण पुरते. गावात शिरल्यावर प्रथम कोणा वडीलधाऱ्याला विचारावे, की आज कोठल्या काठाला बसावे. ते सांगतील तेथेच बसावे. आणि ऊन वर येईपर्यंत बोलणे थोडे कमी ठेवावे.